पाच दिवसांचा मळा

१३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्क येथे सदबीज या लिलावसंस्थेने वाइनची एक बाटली ५,५८,००० डॉलरना विकली. तत्कालीन दराने ही रक्कम सुमारे चार कोटी रुपये होते. लिलावापूर्वी जाणकारांनी काढलेला अंदाज ३२,००० डॉलरचा होता. बाटली साध्याच आकाराची, पाऊण लिटरची. आतील वाइन १९४५ सालच्या हंगामातील, आणि बाटलीवर नाव रोमाने-कोंती. त्याच दिवशी त्याच हंगामाची दुसरी बाटली ४,९६,००० डॉलरना गेली.

एवढ्या पैशांत कोणी काय विकत घेतले, असा प्रश्न कोणाही समंजस माणसाच्या मनात उभा राहील. तृषा तर खासच नव्हे. आमच्या मते ती बाटली घेणाऱ्याने एका जमिनीच्या तुकड्याचा इतिहास विकत घेतला. त्या इतिहासाची पहिली साडेचारशे वर्षे एका मठाशी निगडित आहेत, म्हणून हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे मांडावासा वाटला. मठाचे नाव आज बाटलीवर नाही. मठाच्या भिंतीही बव्हंशी उरल्या नाहीत. परंतु मठवासीयांनी जी सीमा आखली ती मात्र जवळजवळ तशीच आहे.

फ्रान्सच्या पूर्वेस बर्गंडी नावाचा प्रांत आहे. तेथील दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे चुनखडीच्या टेकड्यांची एक चिंचोळी ओळ जाते. या टेकड्यांच्या पूर्वेकडील उतारावर, सकाळचे ऊन प्रथम जेथे पडते तेथे, द्राक्षवेली आहेत. उताराच्या माथ्यावर माती पातळ आणि दगड फार. पायथ्याशी माती खोल आणि ओल फार. मधल्या पट्ट्यात दोहोंचा मेळ जमतो. व्होन-रोमाने हे गाव या मधल्या पट्ट्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. मूळ नाव नुसते व्होन. आपल्या हद्दीतील सर्वांत नामवंत मळ्याचे नाव गावाने १८६६ साली स्वतःच्या नावास जोडून घेतले.

तो मळा १.८ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचार एकरांचा आहे. त्यात पिनो न्वार या एकाच जातीची काळी द्राक्षे होतात. एका बाटलीस साधारण तीन वेलींची द्राक्षे लागतात आणि वर्षाकाठी पाच-सहा हजार बाटल्या निघतात. कडेला एक दगडी क्रूस उभा आहे आणि शेजारी पाटी आहे. पाहुण्यांचे येणे आम्ही समजू शकतो, परंतु कृपा करून रस्त्यावरूनच पाहावे, आत पाऊल टाकू नये, अशा अर्थाची विनंती तीवर केलेली आहे. मळ्याला लागूनच वरच्या अंगास ला रोमाने, उत्तरेस रिशबूर आणि खाली रोमाने-सें-व्हिव्हाँ असे दुसरे मळे आहेत. सर्वच थोर गणले जातात, तरी बाजारात रोमाने-कोंतीची सर कोणासही येत नाही.

यांतील शेवटच्या मळ्याच्या नावात आपल्या कथेचा उगम आहे. सें व्हिव्हाँ म्हणजे संत व्हिव्हाँ. उत्तरेकडील नॉर्मन लुटारूंच्या धाडींना कंटाळून काही मठवासी आपल्या संताचे अवशेष घेऊन पूर्वेकडे निघाले आणि नवव्या शतकाच्या अखेरीस व्हेर्जी येथील डोंगरावर त्यांना आश्रय मिळाला. तेथे संत व्हिव्हाँ यांच्या नावाने मठ स्थापन झाला. पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस तो क्लूनी या विख्यात बेनेडिक्टाइन मठाच्या छत्राखाली आला. ११३१ साली बर्गंडीचा ड्यूक दुसरा ह्यूग याने व्होन आणि फ्लाजे येथील पडीक जमिनी, राने व शेते या मठास दान दिली. पुढे १२३२ साली व्हेर्जी घराण्यातील डचेस आलिक्स हिने मठाचे तेथील द्राक्षमळ्यांवरील हक्क पक्के केले.

मठवासी द्राक्षे लावीत ती मिस्सेसाठी, असे आपल्यापैकी अनेकांस वाटते. ते खरे आहे, पण अर्धेच. वेदीवर लागणारा द्राक्षारस अगदी थोडा असतो. त्यातही बाराव्या-तेराव्या शतकांत सामान्य भाविकांना कटोऱ्यातून द्राक्षारस देण्याची प्रथा पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत मावळत गेली, तेव्हा ती गरज आणखी कमी झाली. (मिस्सेचा द्राक्षारस लालच असावा असाही नियम नाही, तो द्राक्षांचा, शुद्ध आणि न बिघडलेला असावा एवढाच धर्मनियम आहे.) बाकीचा सारा भोजनासाठी, आजाऱ्यांसाठी, आल्यागेल्या पाहुण्यांसाठी आणि विक्रीसाठी असे. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीच्या चाळिसाव्या प्रकरणात प्रत्येक मठवासीयास दररोज एक हेमिना द्राक्षारस पुरे आहे, असे मोजून ठरवून दिले आहे. संतांना वाइन वर्ज्य नव्हती. वर्ज्य होती ती धुंदी. आमच्या बोलीत 'दारू' या एकाच शब्दात सगळे कोंबले जाते, त्यामुळे हा भेद सांगण्यास दोन वाक्ये खर्चावी लागतात.

मठवासीयांनी माती जिभेवर घेऊन चांगली जमीन ओळखली, अशी एक कथा बर्गंडीच्या पर्यटकांना आवडीने सांगितली जाते. कथा गोड आहे, पण अशा चमत्काराची गरजच नाही. मठाचे खरे बळ वेगळे होते. कुटुंबातील माणूस मरतो, जमीन मुलांत वाटली जाते, एखादा मुलगा आळशी निघतो. मठ मात्र मरत नाही. आज ज्याने छाटणी केली तो तीस वर्षांनी दफनभूमीत गेला, तरी त्याच्या हाताखाली शिकलेला दुसरा तयार असतो. कोणत्या तुकड्यातील द्राक्षे आधी पिकतात, कोठे दहिवर पडून कोंब जळतात, कोठे पाणी साचते, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहणारे डोळे एकाच घरात राहत होते. शेजारच्या सितो मठाच्या संन्याशांनीही हेच केले. १०९८ साली स्थापन झालेल्या त्या मठाने क्लो द व्हूजो येथे सुमारे पन्नास हेक्टरांचा एकसंध मळा उभा केला आणि त्याभोवती दगडी कुंपण घातले, ते आजही आहे.

राज्यकर्त्यांचाही या कामी हात होता. १३९५ साली ड्यूक फिलिप याने हुकूम काढून गामे नावाची, भरघोस पण हलके पीक देणारी द्राक्षजात उपटून टाकावयास लावली. गरीब शेतकऱ्यांस गामे परवडत असे, कारण तिच्यापासून रस खूप निघे. हुकूम पिनोच्या बाजूने होता. म्हणजेच दर्जाच्या आणि धनवंतांच्या बाजूने होता. बर्गंडीच्या कीर्तीचा हा पाया घालताना कोणाची तरी भाकरी हिरावली गेली असेल, हे इतिहासकाराने नजरेआड करू नये.

१५१२ सालच्या एका दस्तऐवजात संत व्हिव्हाँ मठाच्या मळ्याचा उल्लेख 'क्लू दे सँक झुर्नो' असा आहे. 'झुर्नाल' म्हणजे एका दिवसात एका माणसाच्या हातून कसून होईल तेवढी जमीन. पाच झुर्नालांचा, पाच दिवसांचा मळा. बर्गंडीत एक झुर्नाल चौतीस आर, म्हणजे सुमारे चौतीस गुंठ्यांच्या आसपास धरीत. पाच झुर्नालांचे होतात सुमारे १.७ हेक्टर. आजचा मळा १.८ हेक्टर आहे. पाचशे वर्षांत राजे गेले, राज्यक्रांती झाली, दोन महायुद्धे झाली, चलने बदलली. बांध फारसा सरकला नाही. आपल्या गावांतील बांधांच्या भांडणांचे ज्यांना स्मरण आहे, त्यांना याचे नवल अधिक वाटेल.

मठाने ही जमीन गमावली ती मात्र राज्यक्रांतीत नव्हे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. १५६२ पासून फ्रान्समध्ये कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्यात धर्मयुद्धे पेटली होती. युद्धासाठी राजाला पैसा हवा होता आणि तो ख्रिस्तसभेच्या मालमत्तेकडे बोट दाखवीत होता. अनेक मठांना जमिनी विकून राजाची मागणी भागवावी लागली. त्याच काळात, १५८४ साली, हा मळा मठाच्या हातून क्लोद कुझँ नामक गृहस्थाकडे गेला. धर्माच्या नावाने झालेल्या युद्धाचा काळ आणि धर्मसंस्थेच्या हातून उत्तम जमीन जाण्याचा काळ एकच असावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पुढे १६३१ मध्ये विवाहसंबंधाने मळा क्रोनेंबूर घराण्याकडे आला आणि सतराव्या शतकाच्या मध्यास 'रोमाने' हे नाव कागदोपत्री दिसू लागले. रोमन सैनिकांशी किंवा सम्राटांशी नाते जोडणाऱ्या कथा लोकांनी मागाहून रचल्या. मळा क्रोनेंबूरांकडे शतकाहून अधिक काळ होता. १७६० मध्ये त्यांनी तो विकला आणि घेणारा होता लुई फ्रान्स्वा द बूर्बों, प्रिन्स द कोंती, राजा पंधरावा लुई याचा नातेवाईक.

येथे एक सुरस आख्यायिका आडवी येते. राजाची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिलाही हा मळा हवा होता. दोघांत चुरस लागली, प्रिन्स जिंकला आणि रागावलेल्या मादामने बर्गंडी सोडून शँपेनचा पुरस्कार केला, असे सांगतात. तिचे व प्रिन्सचे वैर खरे होते. चुरशीची कथा मात्र दस्तऐवजांपेक्षा गप्पांवर अधिक उभी आहे. प्रिन्सने तर स्वतःचे नावही पुढे न करता मध्यस्थामार्फत खरेदी केली होती. किंमत मात्र त्या काळी भुवया उंचवाव्यात अशी होती, यात शंका नाही. बायबलातील नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण जाणतो. राजवाड्यालगतच्या मळ्यासाठी अहाब राजाने तोंड फिरवून अन्न टाकले होते. प्रिन्सने निदान पैसे मोजले.

प्रिन्सची आणखी एक बाजू कॅथलिक वाचकांस रंजक वाटेल. तो माल्टाच्या नाइटांच्या संघाचा फ्रान्समधील 'ग्रँड प्रायर' होता. पदाने धर्मसंघाचा अधिकारी, पण राहणीने पूर्ण दरबारी. पॅरिसमधील 'तांप्ल' या संघाच्या प्राचीन गढीत त्याचे वास्तव्य असे. तेथे लेखक, संगीतकार, नास्तिक विचारवंत आणि सुंदर स्त्रिया यांचा मेळा जमे. १७६६ मध्ये बालवयातील मोझार्टने तेथे वादन केले, तो प्रसंग ऑलिव्हिए या चित्रकाराने रंगविला आहे. मठाच्या हातून निघालेला मळा पावणेदोनशे वर्षांनी एका 'प्रायर'च्याच हाती आला आणि त्याने रोमानेची वाइन विक्रीस ठेवणेच बंद केले. ती फक्त त्याच्या मेजावर येई. संत बेनेडिक्टांची मोजून दिलेली हेमिना आणि हे मेज यांतील अंतर वाचकांनीच मोजावे.

प्रिन्स १७७६ मध्ये वारला. मळा पुत्राकडे गेला. २ नोव्हेंबर १७८९ रोजी राष्ट्रीय सभेने ख्रिस्तसभेची सर्व मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली. संत व्हिव्हाँ मठ विकला गेला, मठवासी पांगले आणि इमारती दगडांसाठी पाडल्या गेल्या. मठाकडे उरलेला खालचा मळा, तोच रोमाने-सें-व्हिव्हाँ, मारे घराण्याने घेतला. १७९३ मध्ये धाकट्या प्रिन्सला अटक झाली, त्याची मालमत्ता जप्त झाली आणि १७९४ मध्ये हा मळा राष्ट्रीय मालमत्ता म्हणून विकावयास निघाला. गंमत अशी की, सरदारांच्या पदव्या नष्ट करणाऱ्या प्रजासत्ताकाच्या अधिकाऱ्यांनी विक्रीच्या कागदांत मळ्याची तोंडभरून स्तुती तर केलीच, वर त्याला 'रोमाने-कोंती' असे नाव दिले. प्रिन्सच्या हयातीत हे जोडनाव रूढ नव्हते. प्रिन्स नकोसा झाला होता, पण त्याच्या नावाने भाव चढतो हे क्रांतिकारकांसही कळत होते. कोंती घराण्याचा हा शेवटचा वंशज १८१४ मध्ये बार्सेलोना येथे परागंदा अवस्थेत निवर्तला.

राज्यक्रांतीनंतरच्या वारसा कायद्याने सर्व अपत्यांना समान वाटा दिला. न्याय्य कायदा, पण त्याने बर्गंडीचे मळे चिंध्यांसारखे फाटत गेले. सितोच्या संन्याशांचा पन्नास हेक्टरांचा क्लो द व्हूजो आज ऐंशीच्या आसपास मालकांत वाटला गेला आहे. कोणाकडे वेलींच्या मोजक्या ओळी आहेत. आपल्याकडील सातबाऱ्यावर वारसांची नावे वाढत जातात, तसाच हा प्रकार. रोमाने-कोंती मात्र कधीच तुटला नाही. १८१९ मध्ये ऊव्रार यांनी आणि १८६९ मध्ये द्युव्हो-ब्लोशे यांनी तो अखंड विकत घेतला. त्यांच्या वारसांनी १९४२ मध्ये मळ्याची संस्था केली, अर्धा हिस्सा आंरी लर्वा यांनी घेतला आणि तेव्हापासून द व्हिलेन व लर्वा ही दोन घराणी मिळून कारभार पाहतात. शेजारचा ला ताश हा मळा १९३३ मध्येच संस्थेकडे आला होता.

आता त्या १९४५ च्या बाटलीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाची मुळे कुरतडणारी सूक्ष्म कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये आली आणि तिने देशभरातील द्राक्षवेली मारून टाकल्या. शास्त्रज्ञांनी उपाय शोधला तो असा: अमेरिकन वेलीचा खुंट घ्यावा, कारण त्याला ही कीड बाधत नाही, आणि त्यावर फ्रेंच वेलीचे कलम करावे. नाशिककडील बागाईतदारांना खुंटावरचे कलम काही नवे नाही. तेथे 'डॉगरीज' या अमेरिकन वंशाच्या खुंटावर द्राक्षे घेतली जातात, त्यामागील मुख्य कारण मात्र पाण्याचा ताण व क्षार हे आहे. जवळजवळ सारा फ्रान्स कलमांकडे वळला. रोमाने-कोंतीच्या मालकांनी मात्र नकार दिला. मातीत कार्बन डायसल्फाइड हे विषारी द्रव्य टोचून त्यांनी किडीला थोपवून धरले आणि जुन्या वेली स्वतःच्या मुळांवर राखल्या.

हा हट्ट का? त्या वेली कधीच नव्याने लावलेल्या नव्हत्या. वेल म्हातारी झाली की तिचीच फांदी वाकवून मातीत पुरावयाची, तिला मुळे फुटली की नवी वेल तयार; आपल्याकडे ज्याला दाब कलम म्हणतात तेच. अशा रीतीने एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, असे ते वेलींचे एकच अखंड शरीर होते. त्याचा धागा थेट मठवासीयांच्या हातांपर्यंत जातो असे मानले जाई, आणि मानणे अगदीच निराधार नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाने हा धागा तोडला. जर्मन अमलाखाली द्रव्य मिळेना, माणसे मिळेनात. किडीने डोके वर काढले. वेली वर्षागणिक क्षीण होत गेल्या. १९४५ च्या वसंतात कडाक्याचे दहिवर पडले, त्यातून जी मूठभर द्राक्षे वाचली ती मात्र अप्रतिम पिकली. दोन पिंपे भरली. सहाशे बाटल्यांच्या आसपास. साडेचार एकरांत सहाशे बाटल्या! त्या सुगीनंतर मालकांनी सर्व वेली उपटून काढल्या.

त्या निर्णयाचा विचार करताना आम्हांस राहून राहून वाटते की, राखण्यापेक्षा उपटणे अधिक कठीण असावे. शतकानुशतकांचा ठेवा आपल्याच हयातीत, आपल्याच हाताने संपवावयाचा, आणि तोही युद्ध संपून देश भणंग झालेला असताना. नवी लागवड केली तरी वाइन हाती येण्यास वर्षे जाणार. जमीन काही काळ मोकळी ठेवण्यात आली. १९४७ मध्ये ला ताशच्या वेलींची कलमे अमेरिकन खुंटांवर बांधून नवी लागवड झाली. १९४६ पासून १९५१ पर्यंत रोमाने-कोंती नावाची एकही बाटली निघाली नाही. १९५२ मध्ये पहिली सुगी पुन्हा पिंपांत गेली. १९४५ च्या बाटलीला जी किंमत आली ती या मृत्यूमुळे.

कीर्तीसोबत तिची पिशाच्चेही येतात. जानेवारी २०१० मध्ये मालकांना धमकीचे पत्र आले: दहा लाख युरो द्या, नाहीतर वेलींना विष घालू. काही वेलींच्या बुंध्यांना भोके पाडून विष घातल्याचे आढळले. पैसे एका गावच्या दफनभूमीत ठेवावयाचे होते. पोलिसांनी सापळा रचून गुन्हेगारास धरले. दुसरीकडे, जुन्या बाटल्यांची बनावट करणारा एक व्यापारी २०१२ मध्ये अमेरिकेत पकडला गेला आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. रोमाने-कोंतीची बनावट लेबले हा त्याचा आवडता माल होता. ज्यांनी त्या बाटल्या उघडून प्याल्या, त्यांतील कित्येकांना फरक कळलाही नव्हता.

मग हा सारा पैशाचाच खेळ का? आमचे मत तसे नाही, तरी किमतीचे समर्थनही आम्ही करणार नाही. ज्या गावी ही वाइन होते त्या गावच्या रहिवाशांसही ती परवडत नाही, ही गोष्ट खुपतेच. परंतु मळ्याचे काम करणाऱ्यांकडे पाहिले तर लिलावघराचा झगमगाट विसरावयास होतो. ओबेर द व्हिलेन यांनी १९७४ पासून २०२२ पर्यंत, अठ्ठेचाळीस वर्षे, कारभार पाहिला. ऐंशीच्या दशकात त्यांनी रासायनिक खते सोडली. जड यंत्रांनी माती दबते म्हणून मळ्यात पुन्हा घोडे आणले. आपण मालक नसून राखणदार आहोत, अशीच त्यांची भूमिका असे. बर्गंडीच्या मळ्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळावी यासाठी झालेल्या प्रयत्नांचे नेतृत्वही त्यांनीच केले, आणि ४ जुलै २०१५ रोजी युनेस्कोने ती दिली. त्या यादीत १,२४७ तुकडे नावानिशी नोंदले आहेत, यातील कित्येकांच्या सीमा मठांनी आखलेल्या आहेत.

मारे घराण्याच्या वंशजांकडून रोमाने-सें-व्हिव्हाँचा त्यांच्याकडील भाग संस्थेने १९६६ मध्ये प्रथम खंडाने कसावयास घेतला आणि १९८८ मध्ये विकत घेतला. त्यानंतर वर व्हेर्जीच्या डोंगरातील मठाच्या अवशेषांकडे लक्ष गेले. छप्पर नाही, भिंतींतून झाडे वाढलेली, तळघरांच्या कमानी मात्र शाबूत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एक मंडळ स्थापून, संस्थेच्या आधाराने, त्यांची डागडुजी सुरू झाली. मठ पुन्हा बांधावयाचा नाही, उरलेले पडू द्यावयाचे नाही, एवढेच काम. खाली व्होन गावात मठवासीयांची जुनी तळघरे आहेत. त्यांत आजही मळ्याची पिंपे ठेवली जातात.